‘या’ म्हणजे हो

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या सालांतली ही गोष्ट. अमरावतीच्या आसपास ज्याला त्याला कापूसच पेरायचा होता. ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली गेली, मग भाजी कोण लावणार? आमचा मळा लहान, पण पाणी बरं, म्हणून आम्ही वांगी-मेथीवरच राहिलो. मी नवी सून. टोपली घेऊन विकायला जाणं माझ्याकडे आलं.

बाजाराजवळच्या एका बंगल्यात कापूस खरेदीला आलेला गोरा साहेब उतरला होता. तो दिवसभर बाहेर असे. घरी त्याची बायको, माझ्याच वयाची असेल. पहिल्या दिवशी मी पायऱ्यांपाशी टोपली उतरवून विचारलं, "वांगे घेता का, बाई?"

"या," ती म्हणाली.

मी पायऱ्या चढले. पुन्हा वांगं दाखवलं. "या, या!" मी ओसरी ओलांडून थेट आत शिरले, तशी ती मागे सरकली. मला काही समजेना. बोलावते काय, आणि जवळ गेलं की मागे सरते काय! मग तिने खाली बोट दाखवून म्हटलं, "हीर." आमच्याकडे विहिरीला हीर म्हणतात. मला वाटलं, हिला भाजी धुऊन हवी. टोपली उचलून मी बंगल्यामागच्या विहिरीवर गेले आणि वांगी धुवायला बसले. ती धावत मागे आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. मग बादलीत बोट बुडवून म्हणाली, "वातर."

मी म्हटलं, "पानी."

तिथून शिकणं सुरू झालं. ‘या’ म्हणजे हो आणि ‘हीर’ म्हणजे इथे, हे कळायला मला बरेच दिवस लागले. ‘ने’ म्हणजे नको, हे तर त्याहून उशिरा कळलं. कारण ती ‘ने’ म्हणायची, मी मेथी परत न्यायची, आणि दोघींचं बरोबर चाललंय असंच वाटायचं. कांद्याचा आणि अंड्याचा शब्द इतका सारखा की एकदा मी कांद्याऐवजी शेजारणीकडून अंडी मागून नेली. एक दिवस रस्त्यावरच्या कापसाच्या गाड्यांकडे हात करून ती म्हणाली, "कातून." मला ऐकू आलं ‘काहून’, म्हणजे आमच्या बोलीत ‘का’.

"काहून म्हंजे? आज बजार हाये न, बाई!"

"कातून," ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा बाजाराचंच सांगितलं. शेवटी दोघी थकून भाजीच्या भावाकडे वळलो.

घरधनी मात्र खूश होते. "तू त इंग्रजी शिकून राहिली! मले बी सांग." त्यांना आगगाडीच्या कामावर लागायचं होतं. मोट हाकताना ते माझे शब्द बैलांना ऐकवत घोकायचे.

पुढे आम्ही नणंदेकडे अकोल्याला गेलो. तिथे स्टेशनाचं बांधकाम चालू होतं. कडुनिंबाखाली इंग्रज साहेब माणसं कामावर घेत होता, शेजारी पुण्याकडचा कारकून. साहेबाने काहीतरी विचारलं. घरधनी छाती काढून म्हणाले, "या!" आणि मग होती नव्हती ती विद्या काढली, "वातर. मेल्क. कातून."

साहेबाने शिपायाला हाक मारली आणि पाण्याचा तांब्या आला. घरधनी प्याले. मला हायसं वाटलं, म्हटलं कळलं बाई! दुधाचा शब्द ऐकून साहेब हसला. कापसाच्या शब्दाला मात्र नुसता बघत राहिला.

"ही कुठली भाषा?" कारकुनाने विचारलं. "इंग्रजी नव्हे ही."

"इंग्रजीच हाये," मी पदराआडून म्हटलं. "गोरी बाई शिकवून राहिली मले."

"अहो, एखादा शब्द जुळतो, म्हणून ती इंग्रजी होत नाही."

"मंग पानी कसं आलं?"

तो वैतागून साहेबाशी बोलू लागला. शेवटी घरधन्यांना मजुरांना पाणी पाजायचं काम मिळालं. हे काम आपण मागितलं होतं की नव्हतं, हे त्यांनाही सांगता येईना.

घरधनी कामावर अकोल्यालाच राहिले. अमरावतीला परतल्यावर मी गोऱ्या बाईच्या तोंडाकडे बोट करून विचारलं, "इंग्रजी?"

"ने! ने!" ती जवळजवळ रागावलीच. मग तिने तिच्या मुलखाचं नाव सांगितलं. मला ते धड म्हणता आलं नाही.

"ममईच्या पुढे?"

"या."

किती पुढे, ते तिने हात लांबवून दाखवलं. माझं डोकंच चालेना. गोरा म्हणजे इंग्रज, एवढंच आम्हाला ठाऊक. गोऱ्यांतही एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही, तर मग मी इतके दिवस कोणाची बोली घरी आणत होते? तरी मी जायची थांबले नाही. दिवसभर तिच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग कापसाचा भाव कोसळला. एका सकाळी गेले तर दारात बैलगाडी उभी, तीत पेट्या भरलेल्या. साहेब-बाई बडनेऱ्याच्या स्टेशनावर निघाले होते. ती गाडीतून वाकली, माझा हात धरून म्हणाली, "दाख."

मला वाटलं, दाखव म्हणते. मी टोपलीवरचं फडकं काढलं. तिने मान हलवली, डोळे पुसले. "दाख," पुन्हा म्हणाली. मी वांगी दाखवली, मेथी दाखवली, काय दाखवू ते कळेना म्हणून रिकामे हातही दाखवले. गाडी हलली. वळणापर्यंत ती हात हलवत तेच म्हणत होती.

तो निरोपाचा शब्द असावा, असं मला आता वाटतं. त्या दिवशी मात्र मी टोपली उघडी धरून कितीतरी वेळ रस्त्यातच उभी होते.