बिघडलंच नव्हतं

चावीवाल्याचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. धंद्यानंच त्याला तसं केलं होतं. चावी हरवली म्हणून कुणी कितीही गयावया केली, तरी शेजारी "हो, घर ह्यांचंच" म्हणेपर्यंत हा गडी कुलपाला हात लावायचा नाही. आणि कुलूप चुटकीसरशी उघडलं, तरी मुद्दाम खुडबुड करत बसायचा. लगेच उघडलं की गिऱ्हाईक म्हणणारच, "अरे, हे बिघडलंच नव्हतं की!"

एकदा कुणाची तरी वरच्या मजल्यावरची खिडकी उघडायला शिडीवर चढला आणि पाठीवर आपटला. मणका गेला, पाय गेले. थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याला आपल्या घरी आणलं आणि पुढच्या खोलीत दुकान मांडून दिलं. चाकाची खुर्ची, बुटकं टेबल, कानशी, चाव्यांचे जुडगे.

पाय गेले, पण पायांत आग मात्र पेटली. दिवस कलला की तळव्यांत निखारे भरल्यासारखं व्हायचं. टेबलाची कड घट्ट धरून तो दात-ओठ खात बसायचा. ताईनं एकदा, एकदाच, विचारलं, "अरे, चिमटा काढलेला कळत नाही तुला, मग आग बरी कळते?" झालं! ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं. ताई त्याचं सगळं करायची, पण हा समजायचा, आपण हिच्या लेखी सोंगाडे.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं, "मणक्यातल्या नसांना मार बसलाय. पाय गप्प आहेत, मेंदूत मात्र दुखण्याचा ओरडा चालूच आहे. डोक्यावर ओल्या स्पंजाच्या पट्ट्या बांधून अगदी बारीक वीज सोडायची. कापाकापी नाही, सुई नाही. उपयोग होतो का तेच बघतोय, म्हणून काहींना खरी वीज, काहींना नुसता देखावा. कुणाला काय, ते संपेपर्यंत आम्हालाही कळणार नाही."

"म्हणजे फसवणार, आणि वर सांगून फसवणार!" तो ताईजवळ करवादला. तरी तयार झाला. आग माणसाला काय काय करायला लावते!

पट्ट्या बांधल्या की टाळूला जरा चुरचुरायचं आणि थांबायचं. त्याची खात्रीच पटली, आपलं यंत्र बंद आहे. आणि नेमकं तेव्हाच ते मेलं दुखणं उतरायला लागलं!

दुसरा कुणी नाचला असता. हा मात्र हादरला. बंद यंत्रानं आग विझली, म्हणजे आग नव्हतीच, असंच म्हणणार ना सगळे? ताई तर आधी म्हणेल. बिघडलंच नव्हतं!

म्हणून डॉक्टरबाईंनी "काही फरक?" विचारलं की याचं ठरलेलं उत्तर, "छे! काडीचा नाही." घरीसुद्धा दिवस कलला की टेबलाची कड धरून, दात-ओठ खाऊन दाखवायचा. दुखण्याचं सोंग जन्मात न केलेला माणूस आता रोज सोंग करत होता.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुण आलाय त्यांचे उपचार पुढं चालू ठेवतोय. तुम्हाला फरकच नाही, तर तुमचे थांबवू या." पुन्हा ते निखारे? ताई शेजारीच बसली होती.

"बाई, यंत्र बंद असूनही बरं वाटलं, तर दुखणं खोटं असतं का हो?" त्यानं विचारलं.

"मुळीच नाही. खऱ्या दुखण्यालाही नुसत्या आशेनं उतार पडतो."

त्याचा विश्वास बसला नाही. पण निखाऱ्यांची भीती मोठी होती. "निम्मं कमी झालंय," तो खाली मान घालून पुटपुटला, "बरेच दिवस झाले." आणि ताई आता काय म्हणते याची वाट बघत राहिला.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"निम्मं?" ती म्हणाली. "हल्ली टेबल धरून कळवळतोस, ते निम्म्यावर आलेलं दुखणं? मग आधी किती होतं रे, बाळा? आणि मी मेली तुला चिमट्याचं विचारत होते!" पदर तोंडाला लावून ती हमसाहमशी रडायला लागली.

ताईचा अखेर विश्वास बसला होता, आणि तो बसला होता त्याच्या सोंगावर. खरं सांगायचं सोडून त्यानं नुसताच तिचा हात धरला.