आईच्या डोळ्यामागची रेघ

आई अकोटला राहते, मी अमरावतीत राजापेठेत गणिताचे क्लास घेते. तिला उजव्या डोळ्यानं कमी दिसायला लागलं तेव्हा अकोल्यात एमआरआय केला. डोळ्यामागं गाठ निघाली. गाठ डोळ्याच्या नसेच्या बाजूला असेल तर काढता येईल, नजर वाचेल. नसेतूनच वाढली असेल तर त्या डोळ्याची आशा सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अन् फिल्मवर नेमकं तेच दिसेना. सगळं फराटलेलं.

"पेशंट हलला," टेक्निशियन म्हणाला.

हलणारच! आमच्याकडे कोणी बोललं की हुंकारा द्यावा लागतो, नाहीतर समोरच्याला वाटतं बाई रुसली. तो बिचारा स्पीकरवरून सारखा म्हणत होता, "आजी, हलू नका," अन् आई दर वेळी मान डोलावून म्हणत होती, "हो जी."

"एवढ्या अगत्यानं बोलून राहिला तो, त्याले उत्तर बी नाई द्याचं?" बाहेर येऊन तिनं मलाच झापलं. "वरतून घणाचे ठोके मारते अन् म्हणते हालू नका!"

हसावं की रडावं कळेना. ऑटोत मी दोन्ही केलं.

अमरावतीच्या एका सेंटरात लवकर होणारा स्कॅन आला आहे असं कळलं, म्हणून तिला इकडं आणलं अन् नंबर लागेपर्यंत माझ्याकडंच ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मशीन मापं कमी घेईल, म्हणून वेळ कमी लागेल. उरलेलं चित्र कंप्युटर भरून काढतो. हजारो लोकांचे पूर्ण स्कॅन दाखवून त्याला शिकवलंय."

माझं डोकंच फिरलं. स्टेप गाळून उत्तर लिहिणाऱ्या पोरांचे मार्क कापणारी बाई मी!

"म्हणजे अंदाजपंचे? असलेली गाठ पुसली तर त्यानं? नाहीतर दुसऱ्याचीच आणून बसवली तर?"

बाई चिडल्या नाहीत. "मोकळं सोडत नाही त्याला. आईंची जेवढी खरी मापं घेतली, त्यांच्याशी त्याचं चित्र पुन्हा पुन्हा ताडलं जातं. तरी चूक होणारच नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून शंकेची जागा दोन बाजूंनी घेऊ, आणि पाहणार मी स्वतः."

हे ऐकून उलट मला धीर आला. छातीठोक बोलणाऱ्यांची मला भीती वाटते. आईला मात्र दम भरला, "आत देव बोलला तरी गप राह्यजो."

आणि खरंच ती लवकर बाहेर आली. "झालं? एवढ्यात त चहाले आधण नसतं आलं!"

तिला बाकावर बसवून मी आत पडद्यासमोर गेले, अन् माझं तोंड उघडंच राहिलं. बाप्पा! आईचा डोळा, गोल, स्वच्छ. त्यामागं वातीसारखी सरळ गेलेली नस. जन्मल्याबरोबर ज्या डोळ्यांनी मला पाहिलं, त्यांना मी आतून पाहत होते. शेजारी गाठ. अन् गाठ आणि नस यांच्यामध्ये एक बारीक, उजळ रेघ. बाईंनी दुसऱ्या बाजूचं चित्र लावलं. रेघ तिथंही होती.

"नस सुटी आहे," त्या म्हणाल्या. "काढता येईल."

कोण कुठली माणसं आपापली भीती घेऊन त्या नळकांड्यात पडून राहिली असतील. त्यांच्यावरून ते यंत्र शिकलं, आणि कधी न पाहिलेल्या माझ्या आईची केसाएवढी रेघ त्यानं हुडकली. मी हात जोडले. कोणाला, ते मलाही सांगता येणार नाही.

बाहेर आले. "आई, डोळा वाचते तुहा."

ती तळव्यानं डावा डोळा झाकून उजव्यानं माझ्याकडं पाहत राहिली. कितीतरी वेळ.

"धुरकट दिसून राहिली तू," ती म्हणाली. "इथं आल्यापासून रोज असंच पाहून ठेवून राहिली होती मी तुले. म्हटलं, उद्या या डोळ्यानं नाई दिसली त."