यमुनाची सायकल आणि समुद्राकाठचा सपाट रस्ता

द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये हात घडात गुंतलेले आणि तोंड मोकळं. त्यामुळं सीझनचा माल संपतो, गोष्टी काही संपत नाहीत. आमच्या पिंपळगावच्या टेबलावर तर समुद्राच्या एका सहलीवर आम्ही कितीतरी सीझन काढले. नातवंडं विचारतात, "आजी, तू खरंच समुद्राकाठी सायकल चालवलीस?" मी म्हणते, चालवली यमुनानं. मी नुसती मागून पळाले.

*

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. सीझन उरकला की शेठ आम्हाला टेम्पोत घालून देवाला न्यायचे. त्या वर्षी म्हणाले, "यंदा समुद्र दाखवतो." आणि टेम्पोत बसता बसता दुसरंही सांगून टाकलं, "पुढच्या साली बागा बघत फिरायला एक बाई पाहिजे. जिला सायकल येईल ती."

यमुनानं कान टवकारले. टेबलाशी उभं राहून तिच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. हे काम तिला पाहिजेच होतं. पण गावात सायकल शिकणार कशी? चौकात ओट्यावर बाज टाकून तिचे सासरे, तात्या, दिवसभर रस्त्याकडं तोंड करून बसलेले!

*

घाट उतरून गुजरातेत पोचलो. समुद्राला लागून लांबच लांब फरसबंदी रस्ता, परातीसारखा सपाट. कडेला भाड्याच्या सायकली.

सगळ्या बायका पाण्याकडं पळाल्या. यमुनानं समुद्राकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "आक्का, हितं खड्डा नाय गं एक पण."

*

पहिली सायकल घेतली सिंधूनं. सिंधू अंगानं भक्कम, तोंडानं त्याहून. बसली आणि लागली पायडल मारायला. मारतेय, मारतेय, घाम निथळतोय, पण सायकल जागची हलेना. स्टँड काढलाच नव्हता.

मी म्हटलं, "काय सिंधे, कुठवर गेलीस?"

"कुठवर का असंना," ती म्हणाली, "वारा झ्याक लागतोय."

उतरली नाही हो ती. भाड्याची वेळ संपेपर्यंत तिथंच चालवली.

*

यमुनाचं निराळंच. आमच्याकडं पहिली शिकवण अशी की मण्याला हात लावायचा नाही, त्यावरची पांढरी लव पुसली जाते. घड उचलायचा तो देठाला धरून, दोन बोटांनी. यमुनानं हँडल तसंच धरलं. दोन बोटांनी, नाजूक! सायकल सरळ वाळूत.

सायकलवाला ओरडला, "मौसी, कसके पकडो, टूटेगा नहीं!"

सिंधू म्हणाली, "यमुने, ती काय एक्स्पोर्टला नाय चालली. धर मुठीत."

*

मुठीत धरल्यावर जमलं. चढायला तेवढा दगड लागायचा. कठड्यावर पाय ठेवायची, बसायची आणि सुटायची. मी मागून पळतेय.

तेवढ्यात समोरून काठी टेकत एक म्हातारबाबा आले. यमुनानं कचकन ब्रेक दाबला, खाली उतरली, डोक्यावर पदर घेतला आणि कडेला उभी राहिली. बाबा बिचारे मागं वळून बघतात, कुणाला एवढा मान?

तिथं कठडा नव्हता. मी आणि सिंधूनं तिला उचलून परत वर बसवली. जरा पुढं गेली, दुसरे बाबा. उतरली. पुन्हा उचलली. त्या गावातले झाडून सगळे म्हातारे संध्याकाळी तिथंच फिरायला!

सिंधूची कंबर धरली. "अगं, हे तुझे कोण लागतात?"

यमुना पदर सावरत म्हणाली, "कुणाचे तरी सासरे असतीलच की."

*

सिंधूनं ही गोष्ट गावभर केली. तात्यांच्या कानावर गेलीच. यमुना घाबरून अर्धी झाली.

सीझन उघडला तशी शेठनी सायकल पाठवली. निरोप असा, की सकाळी पहिल्या बागेत वेळेवर पोचलीस तर काम तुझं.

यमुना परसातल्या धुण्याच्या दगडावरून सायकलीवर चढली. मी आणि सिंधू चौकात उभ्या. तात्या बाजेवर, तोंड रस्त्याकडं. तिथं उतरली की संपलं. पुढं पार बागेपर्यंत चढायला दगड नाही, आणि सासऱ्यांच्या देखत आम्ही तिला उचलणार कशा?

यमुना वळणावर दिसली. डोक्यावर पदर, हात ब्रेकवर.

तात्या उठले. टोपी नीट केली. बाज उचलून फिरवली आणि रस्त्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसले.

सायकल गेली. तात्या तसेच.

थोड्या वेळानं म्हणाले, "सिंधे, मारुतीपाशी वळली का ती?"

"वळली, तात्या."

"हं," तात्या म्हणाले. "या भिंतीला चुना मारायला पाहिजे."