कोरड्यातलं कासव

टिटवाळ्याच्या आमच्या घराला दोन गॅलऱ्या आहेत, एक सोसायटीच्या आवाराकडे आणि एक तळ्याकडे. तळ्याकडच्या गॅलरीत मी होता होईल तो जात नसे. पण कासवाची पेटी तिथेच होती, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ जावंच लागायचं.

पेटी म्हणजे जुन्या दिवाणाचा खालचा खण. त्याच्या एका बाजूला माती आणि वाळलेलं गवत, दुसऱ्या बाजूला फरशीचा तुकडा. सातवा मजला, पश्चिमेचं ऊन. एप्रिल-मेमध्ये दुपारी ती फरशी अशी तापते की त्यावर पापड भाजावा. म्हणून अर्ध्या पेटीवर ओलं गोणपाट टाकून ठेवायचो. कासवाला ऊन लागतं, सावलीही लागते, आणि कधी कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यावं लागतं. थंडीत उलट. टिटवाळ्याची पहाट ठाण्या-डोंबिवलीपेक्षा बरीच गार, नदीकडून वारा येतो. तेव्हा ते खाणं टाकून कोपऱ्यात बसायचं, मग पेटी आत घेऊन वर पिवळा बल्ब लावायचा. आणि पावसाळा तर वैरीच. कोरड्या मुलखातला जीव तो, हवेतल्या ओलाव्यानेच त्याचं नाक गळायला लागतं.

खायला गवत, जास्वंदीची पानं आणि फुलं, शेवग्याचा पाला, निवडुंगाचं पान काटे काढून. फळ नाही, पोळी नाही, दूध तर अजिबातच नाही. कवच मऊ पडू नये म्हणून म्हाकुलाचं पांढरं हाड. बायकोचं माहेर बाळकुमचं. तिथे लहानपणापासूनच्या ओळखीची एक कोळीण आहे, ती मासे विकता विकता ते हाड बाजूला काढून ठेवायची आणि विचारायची, "पोपट पाळलाय का गं?" बायको म्हणायची, "हो, पोपटच." खरं सांगायची सोय नव्हती. पाठीवर चांदण्या असलेलं हे कासव घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून आमच्याकडे कुणी मुक्कामाला येत नसे. सोसायटीचा माणूस गॅलरीतली गळती बघायला आला की पेटीवर चादर पडायची. लग्नाला गेलो तर दोघांतलं एक संध्याकाळी परत. डॉक्टरकडे नेणं शक्यच नव्हतं. मी नौपाड्यात एका लॅबमध्ये रक्त तपासतो. उभ्या ठाण्याचे आजार माझ्या हाताखालून जातात, आणि घरातल्या कासवाच्या नाकाला फेस आला तर मी दरवाजा लावून मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचो.

हे सगळं निगुतीने करणारा माणूस प्रेमळ असेल असं वाटतं. बायकोलाही तसंच वाटायचं. मी हे का करत होतो, ते तिला माहीत नव्हतं.

आधी दोन कासवं होती. आम्ही तेव्हा डोंबिवलीला तळमजल्यावर राहायचो. बायकोचा भाऊ ट्रक चालवतो. तो एकदा आंध्राकडून आला तो चपलांच्या खोक्यात ही जोडी घेऊन. "दाजी, ठेवा घरात. चांगलं असतं म्हणतात."

मी म्हणालो, "अरे, आम्ही विहारात जाणारी माणसं. चांगलं-वाईट काय सांगतोस?"

"मग पोरीला खेळायला ठेवा. पोरगी तर विहारात जाऊन बसत नाही ना दिवसभर?"

मुलगी तेव्हा शाळेत होती. ती खोकं सोडेना. मोठ्या कासवाला बायको थोरला म्हणायला लागली, लहानीला धाकटी. आणि आम्ही काय केलं, तर बाजारातून प्लास्टिकचा टब आणला, त्यात चार बोटं पाणी भरलं आणि दोघांना त्यात सोडलं. आपल्याकडे कासव म्हटलं की पाणी. इंग्रजीत टर्टल वेगळं, टॉर्टॉइज वेगळं. आपल्याला एकच शब्द आणि तो आपल्या डोक्यात ओलाच असतो. पाण्यातला प्राणी म्हणून बायको त्यांना सुकट घालायची. ती दोघं सुकटीकडे बघायचीही नाहीत, टबाच्या भिंतीवर पुढचे पाय टाकून दिवसभर खरवडत राहायची. आम्ही म्हणायचो, किती खेळकर आहेत.

मग एक दिवस पेपरात बातमी आली. डोंबिवलीतच कुणाच्या तरी घरात अशी कासवं सापडली, त्याला पकडून नेलं. फोटोतल्या पाठीवर त्याच चांदण्या. मी पेपर घडी करून गादीखाली ठेवला, जणू बातमी दुसऱ्या कुणाला दिसणारच नव्हती. दोन दिवसांवर वैशाखी पौर्णिमा होती. बायकोला म्हटलं, "पौर्णिमेला यांना मोकळं करू. जीव आहे, टबात कोंडून ठेवणं बरं नाही." भीतीचं नाव काढलं नाही. तिला ते इतकं आवडलं की तिने विहारातल्या बायकांनाही सांगितलं.

टिटवाळ्याला आम्ही तेव्हा फ्लॅट बघत होतो. तिथलं जुनं तळं मी पाहिलेलं. डोंबिवलीपासून लांब, ओळखीचं कुणी नाही. पौर्णिमेच्या सकाळी निघताना धाकटी सापडेना. नंतर कळलं, सिलिंडरच्या मागे जाऊन बसली होती. उशीर नको म्हणून मी एकट्या थोरल्याला कापडी पिशवीत घातलं. बायको पांढरी साडी नेसून खिरीचं बघत होती. दारापर्यंत आली, पिशवीत हात घालून त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "नीट सोडा हं. फेकू नका."

मी फेकलं नाही. तळ्याच्या पायऱ्या उतरलो, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसलो आणि दोन्ही हातांनी त्याला पाण्यात ठेवलं. वाटलं, आता पोहेल. ते पोहलं नाही. पाण्याखालच्या पायरीवर चालायला लागलं, घरात फरशीवर चालायचं तसंच, सावकाश. मान मात्र सगळी बाहेर काढून वर ताणलेली. घरात कासवाची मान इतकी लांब मी कधी पाहिली नव्हती. नाक पाण्याच्या वरच्या पातळीला थोडक्यासाठी पोचत नव्हतं. पुढच्या पायरीवरून ते घसरलं. अजून दिसत होतं. बुडबुडे आले तेव्हा मला कळलं. पूर्ण कळलं. माझा हात पुरत होता, फार तर बाही भिजली असती.

वर काठावर दोन माणसं फिरायला आली होती. त्यातला एक ओरडला, "ओ साहेब, काय टाकताय? निर्माल्य का?"

मी म्हणालो, "हो."

"बोर्ड दिसत नाही का? शिकलेली माणसं तुम्ही, आणि तळ्यात घाण करता."

मी "सॉरी" म्हणालो. रिकामी पिशवी घडी केली. कासव बाहेर काढलं असतं तर त्यांनी ते पाहिलं असतं, पाठीवरच्या चांदण्यांसकट, पेपरातल्या फोटोतल्यासारखं. ते दोघं पायऱ्यांवर उभे राहून मी जातोय का ते बघत होते. मी गेलो.

घरी बायकोने विचारलं, "कसा गेला?"

"लगेच पोहत गेला."

"मागे बघितलं का त्याने?"

"एकदा."

हे मी का म्हणालो असेन? तिने डोळे पुसले आणि मला खीर वाढली.

बायकोने धाकटीला शोधून परत टबात ठेवलं होतं. त्याच दिवशी मी तिला टबातून बाहेर काढलं. बायको म्हणाली, "अहो, पाण्याबाहेर का?" मी म्हणालो, "नळाच्या पाण्यात औषध असतं, क्लोरिन. ते सोसत नाही त्यांना. म्हणून तर नाक गळतं."

"तरीच," ती म्हणाली. "आणि हिला कधी सोडायचं?"

"बरी होऊ दे आधी."

ती बरी होऊ दे, होऊ दे म्हणत मी सगळं शिकलो. गवत, ऊन, बल्ब, म्हाकुलाचं हाड.

मग फ्लॅट घ्यायची वेळ आली. त्या बिल्डिंगमध्ये दोन रिकामे होते. मी रस्त्याकडचा धरून बसलो. बायको ऐकेना. "तळ्याकडची बाजू घेऊ. थोरला दिसेल कधी तरी." बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीला तिने सगळी गोष्ट सांगितली, पौर्णिमा, पिशवी, एकदा मागे बघणं. ती मुलगी म्हणाली, "काय नशीबवान हो तुम्ही, काकू." मी सही केली.

त्या तळ्यात पाण्यातली कासवं खरोखरच आहेत. दुपारी दगडावर येऊन बसतात. सातव्या मजल्यावरून काळे ठिपके दिसतात. बायको गॅलरीत उभी राहून म्हणायची, "तो मोठा बघा. आपलाच. केवढा झालाय." रिक्षा तळ्यावरून जाताना ती हात जोडायची. देवळाला हात न जोडणारी बाई. मी दुसरीकडे बघायचो. ती म्हणायची, "तुम्हाला अजून वाईट वाटतं ना त्याला सोडल्याचं?" मी म्हणायचो, "हो." एवढंच खरं बोलायचो.

यंदा मुलगी बाळंतपणाला यायची ठरली. बायको घर आवरायला लागली. एका सकाळी गॅलरीत मी धाकटीला परातीत बसवलं होतं, कोमट पाणी हनुवटीपर्यंत. आठवड्यातून एकदोनदा असं थोडा वेळ बसवावं लागतं, म्हणजे पाणी पिते. बायको बघत उभी होती.

"बाळ रांगायला लागलं की कसं करायचं? ही घरभर शी करत फिरते."

"पेटीत ठेवू."

"कायम कोंडून? आता बरी आहे की ती. परवा वैशाखी पौर्णिमा आहे. त्याच तळ्यात सोडू. थोरल्याची सोबत होईल."

"पाणी सोसत नाही तिला."

"नळाचं सोसत नाही म्हणालेलात. तळ्याच्या पाण्यात कुठे क्लोरिन असतं? परातीत बघा कशी छान बसलीय."

माझीच वाक्यं होती सगळी. तिने फक्त नीट जोडली होती. मी म्हणालो, बघू. तिने ते हो असं धरलं. दोन दिवस मी लॅबमध्ये नळ्या लावत कारणं शोधत होतो. तब्येत बरी नाही म्हणू, धाकटी हरवली म्हणू, मी एकटाच जातो म्हणू आणि लांब कुठे माळावर सोडून येऊ. यातलं काहीही जमण्यासारखं होतं, तेच वाईट होतं.

पौर्णिमेच्या सकाळी ती पांढरी साडी नेसली. तीच कापडी पिशवी धुऊन इस्त्री केलेली, तळाशी जास्वंदीची फुलं. या वेळी तीही येणार होती. धाकटीला पिशवीत ठेवून ती चपला घालायला लागली.

"तिला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"कुणाला?"

"हिला. हे जमिनीवरचं कासव आहे. पाण्यात टाकलं तर बुडतं."

एक चप्पल घालून ती तशीच उभी राहिली. "आणि थोरला?"

"बुडाला."

ती खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "तुम्हाला तरी काय माहीत होतं? सुकट घालणारी मीच. आपण दोघंही अडाणी."

तिने मला एवढ्यात सोडवलं होतं. तिथे थांबता आलं असतं. पण ती माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती की मला ते सहन होईना.

"हात पुरत होता," मी म्हणालो. "बुडबुडे आले तेव्हा दिसत होता तो. वर माणसं आली. त्यांनी विचारलं निर्माल्य का, मी हो म्हणालो आणि निघालो."

"निर्माल्य," ती म्हणाली. "आणि मला ही बाजू घेऊ दिलीत."

तिने गॅलरीकडे बघितलं.

"तिथे हात जोडायला लावलंत मला. रिक्षातून. इतकी वर्षं."

तिने पिशवीतून धाकटीला काढून फरशीवर ठेवलं, पुढ्यात फुलं ठेवली. धाकटी खायला लागली. कासव फूल खाताना आवाज करतं, कागद फाडल्यासारखा. तेवढाच आवाज घरात होता.

"आता फोन लावा जंगल खात्याला," ती म्हणाली. "माझ्या भावाचं नाव नको, कुणाकडून आलं-बिलं नको. तुमचं नाव सांगा."

सुट्टीचा दिवस, तरी कुणीतरी उचलला. मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, घरात कासव आहे म्हणालो. पलीकडच्या माणसाने कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "पाण्यातलं की जमिनीवरचं?"

"जमिनीवरचं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते येऊन धाकटीला घेऊन गेले. जबाब झाला, अजूनही बोलावतात, मी जातो. कोरड्या हवेच्या ठिकाणी पाठवता आलं तर पाठवू, पण माणसाच्या हातचं खायची सवय लागलेली, बघावं लागेल, असं म्हणाले. गॅलरीत दिवाणाचा खण तसाच आहे. काढा असं बायको म्हणत नाही आणि मीही काढत नाही. ती माझ्याशी बोलते. भाजी काय आणू, गॅस संपला, डॉक्टरची तारीख कधी. रिक्षावाल्याला मात्र तळ्यावरून नको, मागच्या रस्त्याने घ्या, असं सांगते.

गेल्या आठवड्यात मुलगी आली. सातवा महिना संपलाय. आल्या आल्या तळ्याकडच्या गॅलरीत जाऊन उभी राहिली, रिकामा खण बघितला. धाकटीचं फोनवर कळवलं होतं, दिली म्हणून. मग कठड्याला टेकून खाली बघत तिने आत हाक मारली, "आई, थोरला दिसतो का गं अजून? दगडावर तो मोठा आहे, तोच ना?"

बायको स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा मोडत होती. हात थांबले नाहीत.

"बाबांना विचार," ती म्हणाली.

मी हातातला पेपर खाली ठेवला आणि गॅलरीत गेलो.