साडेपाचशे वॅटची शेगडी

मेहुणीच्या बघण्याच्या कार्यक्रमात मी आख्ख्या चाळीचे दिवे घालवले, आणि तेही गणित करून.

लढाईचे दिवस होते. सासरे भिवपुरीच्या वीजघरात कारकून, राहायला तिथल्याच क्वार्टर्सच्या चाळीत. मी कर्जतच्या शाळेत शास्त्र शिकवायचो. त्या संध्याकाळी माझ्या मेहुणीला, सुमनला, बघायला खोपोलीहून पाहुणे यायचे होते आणि घरात कोळसा संपला होता. ओली लाकडं पेटवावीत तर पाहुण्यांना मुलगीच दिसली नसती.

तेवढ्यात मला माळ्यावर विजेची शेगडी दिसली. विलायतेला परतलेल्या कुणा साहेबाने सासऱ्यांना दिलेली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘११० व्होल्ट, ५ अँपिअर’.

“जावईबापू, आपल्याकडे दोनशे वीस व्होल्ट आहेत,” सासरे म्हणाले. “चालायची नाही ती.”

मी पाटी मागवली. (शिक्षकाला तोंडी सांगून भागत नाही.)

“एकशे दहा गुणिले पाच, साडेपाचशे वॅट. शेगडी साडेपाचशेची, ती साडेपाचशेचीच राहणार. व्होल्ट दुप्पट झाले, म्हणजे प्रवाह निम्मा. अडीच अँपिअर. उलट तारेला आरामच.”

सुमन वेणी घालता घालता थांबली. “पण भावजी, तार तीच ना? जोर दुप्पट लावल्यावर ती कमी वीज कशी घेईल?”

“तू पोह्यांचं बघ,” मी म्हणालो.

पाहुणे आले. मुलगा एका गिरणीत विजेच्या कामावर होता, सोबत त्याचे वडील. मी आत जाऊन बटण दाबलं. तार लाल झाली.

“किती छान पेटली हो,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कढई ठेवली.

तार पिवळी झाली. मग पांढरी. फोडणीतल्या मिरच्या क्षणात कोळसा झाल्या आणि घरभर असा तिखट धूर उठला की बाहेर मुलाचे वडील खोकत खोकत उभे राहिले. नेमकी तेव्हाच सुमन पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. फट् असा आवाज झाला, अंधार पडला आणि सगळं पाणी वडिलांच्या कोटावर गेलं. माझं गणित चुकू शकतं, हेच मला नवीन होतं.

शेजारचे गणूभाऊ लाइनमन कंदील घेऊन आले. “मास्तर, समद्या चाळीची वीज गेली. काय लावलं हाय आतमंदी?”

“साडेपाचशे वॅट.”

“एवढ्यानं फ्यूज जात नाय वो.”

मुलाने कंदिलाच्या उजेडात पाटी उचलली, नीट वाचली. “हे गणित कुणी केलं?”

सासरे छताकडे बघू लागले.

“चुकलंय ते,” सुमन हळूच म्हणाली. “एकशे दहा भागिले पाच, बावीस ओहम. तार तीच, म्हणून बावीसच धरायचे. दोनशे वीस भागिले बावीस, दहा अँपिअर. म्हणजे बावीसशे वॅट.”

“चौपट,” मुलगा म्हणाला. त्याने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी कोट पिळत मान डोलावली. पसंती तिथंच झाली.

“शास्त्र कुणी शिकवलं तुम्हाला?” त्याने विचारलं.

“भावजींनी.”

ते अगदी खरं होतं. पण माझी लाज राखायला ती खोटं बोलतेय असं वाटून तो तिच्यावर आणखीनच खूश झाला.