पेट्रोलची जीप, डिझेलची जीप आणि आमची चाकांवरची खोली

वाशीला आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर बाबांनी चाकांवरची खोली बांधायला घेतली, तेव्हा ती ओढायची कशाने, याचा विचार कुणीच केला नव्हता. बाबांनीसुद्धा नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. लालबागची चाळ सोडून आम्ही इथे आलो होतो. आई, बाबा आणि मी, एवढंच आमचं घर. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात बसच्या बॉड्या बांधायचे. त्यांनी बांधलेल्या बस पार नागपूर-गोव्यापर्यंत धावायच्या आणि बाबा मात्र मे महिन्यात गावी जाण्यापलीकडे कुठे म्हणून गेले नव्हते. एकदा कारखान्यात आलेल्या कुठल्याशा परदेशी कॅटलॉगमध्ये त्यांनी गाडीच्या मागे जोडलेलं घर पाहिलं. त्या संध्याकाळी चप्पल काढायच्या आधीच ते बोलायला लागले.

"अगं, आत बिछाना, आत ओटा, खिडक्यांना पडदे! वाटेल तिथे थांबायचं. लॉज नको, की कुणाच्या दारात पाहुणे म्हणून जायला नको."

"घर सोडून जायचं तर घर बरोबर कशाला न्यायचं?" आई म्हणाली आणि भाजी ढवळायला आत गेली.

पण बाबा ऐकणारे नव्हते. मोडीत निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आस त्यांनी मिळवला. त्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड. दर रविवारी सोसायटीतली माणसं चहाचे कप हातात घेऊनच बघायला खाली उतरायची. आई महिनोन्महिने तिकडे फिरकली नाही. मग एक दिवस ती आत चढली, ओट्याशी उभी राहिली आणि हवेतच पोळी लाटल्यासारखे हात फिरवून म्हणाली, "हा तुमच्या उंचीचा झालाय. मला इथे पोळ्या लाटता येणार नाहीत. खाली घ्या." बाबांनी निमूटपणे ओटा चार बोटं खाली घेतला. तेव्हापासून ती खोली आईची झाली. पडदे शिवून झाले, बरण्या पडू नयेत म्हणून फळीला कठडा आला, आणि मग एके दिवशी आईनेच विचारलं, "आणि हे ओढणार कोण?"

आमच्याकडे गाडी नव्हती. त्यातून बाबांच्या उजव्या डोळ्यात तरुणपणी काम करताना लोखंडाचा कण गेला होता. त्या डोळ्याने त्यांना दिसत नसे, त्यामुळे लायसन्सचा प्रश्नच नव्हता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला तर नाचावंसं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वाशीचे रस्ते तेव्हा इतके रिकामे, की वळणावर एखादी म्हैस आडवी आली तर तीच काय ती रहदारी. मी झपाट्याने शिकले. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी बाबांनी ते दिव्याखाली धरून दोनदा वाचलं.

आता गाडी. चौकशी करता करता दोन जुन्या जीप समोर आल्या. एक पेट्रोलची, शेजारच्या सेक्टरमधल्या डॉक्टरांची. ते परदेशी निघाले होते. दुसरी डिझेलची, करावे गावातल्या एका काकांची. त्यांची शेती नव्या शहरात गेली होती आणि बांधकामाची वाळू-विटा वाहून त्यांनी नवा जम बसवला होता. आता त्यांना मोठा टेम्पो घ्यायचा होता, म्हणून जीप काढायची होती.

डॉक्टरांची जीप हिरवीगार, धुऊन-पुसून ठेवलेली. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात ती सुरू झाली. आवाज इतका मऊ की बाजूला बसलेल्या डॉक्टरांशी मी सहज बोलू शकत होते. पाय नुसता टेकवला की ती पुढे झेप घ्यायची. खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर मी तिला पळवली. वाऱ्याने केस तोंडावर येत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "हीच!"

"आधी दुसरी तर बघ," बाबा म्हणाले.

दुसरी बघायला आम्ही करावेला गेलो. काकांच्या दारात जाळी वाळत पडली होती आणि तिथेच ती जीप उभी होती. रंग मूळचा कुठला, सांगता येत नव्हतं. काकांनी मला बसवलं आणि म्हणाले, "गो पोरी, लगेच मारू नको. आधी हिटर धर. ती तार लाल झाली का मंग चालू कर."

डॅशबोर्डवर एक लहानशी तार होती. मी वाट बघत बसले. तार हळूहळू लाल झाली, मी स्टार्टर दिला आणि सगळी जीप थडथडायला लागली. माझे दात वाजत होते. काका काहीतरी ओरडले, ते मला ऐकूच आलं नाही. त्यांनी तोंड जवळ आणून पुन्हा सांगितलं, "हिला घाई नाय! पन ओढते लय!"

पुढचा आठवडाभर आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नव्हता. बाबा डिझेलच्या बाजूने. त्यांनी बसच बांधल्या होत्या. वजन ओढायचं तर डिझेल, यात त्यांना शंका नव्हती. शिवाय डिझेल स्वस्त. मी पेट्रोलच्या बाजूने. चालवायची मला आहे, रस्ताभर ते थडथड कोण ऐकणार, आणि घाईच्या वेळी तार लाल व्हायची वाट बघत बसू का? आई आमटी वाढता वाढता एकदा म्हणाली, "दोन्ही लावून बघा ना खोलीला. इथे बसून काय कळणार?"

डॉक्टर आणि काका, दोघेही तयार झाले. काकांना तर या प्रकाराची गंमतच वाटत होती. रविवारी सकाळी आम्ही निघालो. पेट्रोलची जीप मी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आई, आणि त्यामागे हूकला आणि साखळीला जोडलेली आमची खोली. प्रवासात भरते तशी ती आईने भरली होती, भांडी, पाण्याचे कॅन, गाद्या, सगळं. काका त्यांची डिझेलची जीप घेऊन मागून येत होते. ठरलं होतं असं, की पनवेलच्या पुढे कर्नाळ्याची खिंड पेट्रोलच्या जीपने चढायची आणि परत येऊन डिझेलच्या जीपने.

पनवेलपर्यंत मी जणू हवेत होते. मागे एवढं धूड जोडलेलं असूनही जीप सुरेख धावत होती. मी एका ट्रकला मागे टाकलं. ट्रकच्या क्लीनरने आमची खोली पाहिली, खिडकीतले फुलाफुलांचे पडदे पाहिले आणि आनंदाने आरोळीच ठोकली. आईने त्याला हात केला. मी बाबांना म्हटलं, "काय, सांगितलं नव्हतं?"

चढ सुरू झाला. तिसरा गिअर, मग दुसरा. जीपचा आवाज बारीक झाला, ओढल्यासारखा. ऊन चांगलंच तापलं होतं. मी पहिला टाकला. जीप दोन आचके देऊन थोडी पुढे गेली आणि चढाच्या ऐन मध्यावर बंद पडली.

मी ब्रेकवर उभीच राहिले. तरी मागची खोली आम्हाला खाली खेचायला लागली. इंचाइंचाने जीप मागे सरकत होती. आरशात खोलीचं तोंड वाकडं होताना दिसलं. "बाबा!" मी ओरडले, पण बाबा तोवर खाली उतरले होते. रस्त्याच्या कडेचा एक धोंडा त्यांनी खोलीच्या चाकाखाली सारला. मागून काका धावत आले, त्यांनी दुसऱ्या चाकाखाली दुसरा घातला. सगळं थांबलं. माझा पाय ब्रेकवरून उचलेचना. आई मागून शांतपणे म्हणाली, "झालं गं. थांबलीय. सोड आता पाय."

बाबांनी बॉनेट उघडलं. उन्हाने आणि ओढीने पेट्रोलची पंपातच वाफ झाली होती. आईने पाण्यात भिजवलेला पंचा दिला, तो त्यांनी पंपावर गुंडाळला. "गार होऊ दे," ते म्हणाले. "गाडी वाईट नाही. आपली खोलीच जड आहे."

काका म्हणाले, "मंग हितूनच लावा ना माझी. खाली जाऊन परत कशाला यायचं?"

चढाच्या मध्यावरून, भरलेल्या खोलीसह सुरुवात करायची! चाकांखालच्या धोंड्यांकडे पाहून भीती वाटत होती. पण त्याच वेळी मला ते करून बघायचंही होतं. आम्ही पेट्रोलची जीप बाजूला घेतली, डिझेलची पुढे जोडली; गार झाली की पेट्रोलची काका मागून घेऊन येणार होते. तार लाल झाली. जीप थडथडली. "क्लच हलू सोड," काका खिडकीशी उभं राहून ओरडले, "रेस जास्त नको देऊ, तिचं ती बगल!"

मी क्लच सोडला. जीपने नाक किंचित वर केलं, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग सगळी वरात हलली. माणूस चालतो त्याहून जरा जास्त वेगाने आम्ही चढत होतो. थडथड, थडथड, एकसारखी. मी दुसरा टाकला, तरी ती ओढतच राहिली. एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला, तोच मघाचा, बहुधा वाटेत चहाला थांबून आलेला. क्लीनरने आता टाळ्या वाजवल्या. मला वाटत होतं की ती जीप माझ्या पायाचं ऐकतेय. खिंडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा आई आणि बाबा दोघेही ओरडत होते, आणि मीही.

पण माझं मत बदललं ते पलीकडच्या उतारावर. मागचं वजन पाठीत ढकलत होतं. दुसऱ्याच गिअरमध्ये ठेवून मी पाय उचलला आणि इंजिनने आम्हाला धरून ठेवलं. ब्रेकला मी क्वचितच हात लावला, म्हणजे पाय. खाली पोचेपर्यंत मघाची माझी भीती निघून गेली होती.

त्या रात्री जेवताना गंमतच झाली. बाबा म्हणाले, "आपण पेट्रोलची घेऊ. मी खोलीतले जड अँगल काढून हलके लावतो. दोन महिने लागतील फार तर."

मी हातातला घास खाली ठेवला. "अहो बाबा, आठवडाभर तर डिझेल डिझेल करत होतात!"

"सकाळी ती चालवताना तुझा चेहरा पाहिला मी," ते म्हणाले. "एवढी खूश मी तुला कधी पाहिली नव्हती. चालवायची तुला आहे."

"म्हणूनच मी डिझेलची म्हणतेय," मी म्हटलं. "तुम्हाला दोघांना मागे घेऊन घाटात मला तीच हवी."

"पण तो आवाज..."

"होईल सवय."

बाबा पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, चालवणारी सांगतेय ना? ताक घ्या."

डिझेलची जीप आमच्या दारात आली. काकांनी स्वतः आणून दिली, तिच्या पुढच्या जाळीला झेंडूचा हार घालून. पहिल्या थंडीच्या सकाळी तिने इतका धूर केला की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या आणि मग कुतूहलाने परत उघडल्या.

डिसेंबरात आम्ही अलिबागच्या पुढे नागावला गेलो. पेण, वडखळ, कार्लेखिंड, सगळं त्या थडथडीत. नारळीच्या वाडीत एका ओळखीच्यांच्या जागेत खोली उभी केली. आईने तिच्या उंचीच्या ओट्यावर भाकऱ्या थापल्या आणि आम्ही दारातच पायरीवर बसून त्या वालाच्या आमटीबरोबर खाल्ल्या. समुद्राचा आवाज येत होता. बाबा मधूनच उठून खोलीला बाहेरून एक चक्कर मारून यायचे, काही तपासायला म्हणून, पण नुसतेच बघून परत यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप खोलीपासून सोडवली आणि वाडीमागच्या मोकळ्या, कोरड्या शेतात नेऊन उभी केली. आई चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जरा सरक."

"काय?"

"सरक म्हणते ना. बघू दे, कसं असतं ते."

तिने नऊवारीचा पदर खोचला, सीटवर नीट मांडी सावरून बसली, आणि मग पाय खाली सोडले. मी क्लच, ब्रेक, रेस दाखवलं. तिने प्रत्येकाला हात लावून बघितलं, भाजीवाल्याकडे दुधी बघावा तसं. "एवढंच?" तिने विचारलं.

पहिल्यांदा जीपने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आईने दात-ओठ खाऊन क्लच इतका हळू सोडला, की जीप कधी निघाली ते आम्हा दोघींना कळलंच नाही. पहिल्या गिअरमध्ये, ढेकळांवरून डुलत, आई शेताच्या दुसऱ्या टोकाला निघाली. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे इतके मोठे केले होते की तिचा लहानपणीचा चेहरा कसा असेल ते मला दिसलं.

बाबा दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून वाडीतून पळत बाहेर आले. "अरे, हे काय! अगं, वळव, वळव, पुढे बांध आहे!"

आईने वळवली. जवळजवळ बांधाला लागून, पण वळवली. बाबांच्या जवळून जाताना तिने स्टिअरिंगवरचा एक हात सोडून त्यांना बाजूला व्हायची खूण केली आणि दुसरा फेरा सुरू केला.