दादाच्या चाकाची मूठ

दादा गेल्याचा निरोप घेऊन आटगावचा माणूस आला, तेव्हा मी मुरबाडच्या शाळेत मुलींना कशिदा शिकवत होते. शहापूरला त्याच्या घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता महिना उलटला. भेटायला येणारे म्हणतात, तुमचा भाऊ म्हणजे देवमाणूस. मी मान हलवते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे खरं, पण खोटं तरी किती बोलायचं...

दादा कसाऱ्याला रेल्वेत फिटर होता. रविवारी घरामागच्या पडवीत त्याचा स्वतःचा कारखाना चाले. कुठूनसं त्याने धार लावायचं जुनं सहाणेचं चाक पैदा केलं होतं, बाकाला जखडायचं आणि मुठीने फिरवायचं. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने पातं धरायचं. पण चाकाने वेग घेतला की सगळं बाक हादरे, फडताळातल्या बरण्या वाजत आणि कोयत्याला धार येण्याऐवजी दाते पडत. लोक म्हणत, "दादा, कोयता दिला होता, करवत कशाला केलीस?" त्याला ते फार झोंबे. त्याने बाकाखाली गोणपाट घातलं, टायरचे तुकडे घातले, चाक उतरवून त्याची जड बाजू घासून हलकी केली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. "खाली वजन पायजे गो," तो म्हणायचा. "ओतीव लोखंड मिळालं तर काम होईल." पण ते लढाईचे दिवस. ओतीव लोखंड सोडाच, खिळे मिळायची मारामार होती.

आमच्या आईचं जातं दादाकडेच होतं. जाताना आईने सर्वांदेखत सांगितलं होतं, "जातं माझ्या चिमीला. तिच्या पोरीची हळद त्यावर दळा." चिमी म्हणजे मी. माझ्या शांताचं लग्न ठरलं आणि मी गाडी जुंपून जातं न्यायला गेले, तर दादा ओट्यावर मान खाली घालून बसलेला.

"तडकलं गो ते. नदीत सोडलं. तडकल्या जात्यावर पोरीची हळद दळायची का? तूच सांग."

नाही दळत. अपशकून असतो. ते त्याला ठाऊक होतं, आणि मी तुकडे बघायला मागणार नाही हेही. उलट मीच त्याची समजूत घातली. शांताची हळद शेजारणीच्या जात्यावर दळली. मला रडू आवरेना, तर दादानेच पाणी आणून दिलं.

पुढच्या भाऊबीजेला गेले, तर चाक गप्प झालेलं. मी मूठ फिरवली, दादाने विळा धरला. बाकावर पाण्याचा पेला होता, त्यातलं पाणी हललं नाही. "कसं रे जमवलंस?" मी विचारलं. "जमलं," तो म्हणाला. मी कौतुकाने त्याची पाठ थोपटली.

तेरावं झाल्यावर वहिनी पडवी झाडत होती. बाकाखालचं गोणपाट सरकलं आणि मला दगडावर टाकीचे घाव दिसले. आईच्या जात्याच्या दोन्ही तळ्या होत्या, वरची आणि खालची. तडा कुठेच नव्हता. भोकं पाडून त्या बोल्टांनी बाकाला आवळल्या होत्या.

"त्यांनी शपथ घातली होती, वन्सं," वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली.

खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात. भावाच्या शब्दाचा खुंटा मी कधी हलवून पाहिला नाही. त्याने जातं मागितलं असतं तर मी दिलं असतं का? नसतं दिलं. म्हणूनच त्याने मागितलं नाही, हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग जात नाही. दगड घेतलास तो घेतलास, वर माझ्याकडून पाठ कशाला थोपटून घेतलीस रे...

"काढून नेता का?" वहिनीने विचारलं. "आता इथं धार लावायला कोण हाय?"

भोकं पडलेलं जातं नेऊन मी काय करू? तेवढ्यात माझं लक्ष चाकाच्या मुठीकडे गेलं. एका बाजूने तासलेली, तेल पाजलेली. दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा खळगा. लहानपणी मी आईसमोर बसून दळू लागे, तेव्हा आईचा अंगठा त्या खळग्यात असे आणि माझा हात त्याच्या खाली. तो जात्याचा खुंटा होता. भाऊबीजेला तोच धरून मी चाक फिरवलं होतं, आणि दादा समोर विळा धरून उभा होता, माझ्याकडे न बघता.

मी पान्हा मागितला आणि मूठ काढून घेतली. आता ती मुरबाडला माझ्या खिडकीत असते. शहापूरचं चाक अजून आईच्या जात्यावर घट्ट बसलंय, जरासुद्धा हलत नाही. फिरवायला मूठच नाही.